अल्मामावशीची अर्धी गोष्ट

देवयानी सबनीसच्या नाकावर राग असतो, हे अमेरिकेत सिॲटलजवळच्या बॉथेलमधल्या आमच्या मराठी लोकांना दुसऱ्याच पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कळलं. कशाचा राग, हे विचारायच्या भानगडीत मात्र कुणी पडलं नाही. विचारलं असतं तर तिने मुद्देसूद सांगितलं असतं, कारण बाई मुळात व्याकरण शिकवणारी. नागपूरच्या एका कॉलेजात सहा वर्षं तिने पोरांकडून प्रयोग आणि समास घोटून घेतले होते. २००३ साली सत्यजितशी लग्न होऊन ती इथे आली आणि इथल्या कागदांवर तिच्या नावाला एक शब्द चिकटला, डिपेंडंट. नवऱ्याला कामाचा व्हिसा, बायकोला नुसता राहण्याचा. नोकरी करायची नाही, शिकवण्या घ्यायच्या नाहीत, बँकेत गेलं तर खिडकीतली पोरगी आधी नवऱ्याचं नाव विचारणार. आणि वर पॉटलकला भाजीच्या ट्रेपाशी उभ्या बायका गोड आवाजात म्हणणार, मग तू दिवसभर काय करतेस गं? 'काही करत नाही' आणि 'काही करू देत नाहीत' यांतला फरक समजावता समजावता देवयानीचा आवाज चढायचा आणि लोक प्लेट घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे.

२००४च्या जानेवारीत लायब्ररीतल्या फळ्यावर तिला एक चिठ्ठी दिसली. ट्लिंगिट भाषेचा वर्ग, दर गुरुवारी सकाळी, सिॲटलमध्ये, फी नाही. ट्लिंगिट म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं. आपल्यापैकी कुणाला ठाऊक असणार म्हणा. अलास्काच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ लोकांची ती भाषा, आणि नीट बोलणारी माणसं तेव्हाच काही शेच उरली होती, तीही बहुतेक सत्तरीपुढची. देवयानीने दिलेल्या नंबरावर फोन करून विचारलं, कोणकोणते कागद लागतील. पलीकडची म्हातारी खरखरीत आवाजात म्हणाली, "एक पेन्सिल आण." अमेरिकेत आल्यापासून व्हिसा न विचारता बोलावणारं हे पहिलंच माणूस. देवयानी दोन बस बदलून गेली.

ती म्हातारी म्हणजे अल्मा हॉवर्ड. वय शहात्तर, एक गुडघा वाकत नसे. आयुष्याची चाळीस वर्षं तिने मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात काढली होती. लहानपणी सरकारी शाळेत घरची भाषा बोलली म्हणून तिने पट्ट्या खाल्ल्या होत्या, आणि त्याबद्दल कुणी हळहळायला लागलं की ती चिडायची. हळहळू नका, पाठ करा, म्हणायची. एका सभागृहाच्या तळघरात तिचा वर्ग भरे. नऊ विद्यार्थी, त्यांतले बरेचसे तिच्याच लोकांची नातवंडं. चूक झाली की अल्मा टेबलावर काठी आपटायची. देवयानीला पहिल्याच दिवशी ती बाई आवडली.

आणि गंमत बघा, जी भाषा शिकताना बाकीच्यांच्या तोंडाला फेस यायचा, तिच्यातले निम्मे आवाज देवयानीच्या कानाला घरचेच होते. आपण त आणि थ झोपेतसुद्धा वेगळे ऐकतो. इंग्रजीत वाढलेल्यांना तो फरक महिना महिना कळेना. त्यापुढे एक तिसरा आवाज होता, घसा आवळून धरायचा आणि एकदम सोडायचा. तो मात्र देवयानीलाही घाम फोडून गेला. आठवडाभर ती स्वयंपाकघरात एकटीच घसा आवळत बसली आणि शेवटी जमवलाच. वही तिने सरळ देवनागरीत लिहिली. तिसऱ्या आवाजाखाली एक टिंब द्यायचं, असं तिने ठरवून टाकलं. एकदा अल्माने ती वही ओढून घेतली, उलटी धरली, सुलटी धरली, आणि वाच म्हणाली. देवयानीने तीस शब्द वाचले. अल्माने दोन दुरुस्त केले आणि वही परत दिली. पुढच्या गुरुवारपासून वर्ग संपल्यावर ती देवयानीला आपल्या घरी नेऊ लागली.

तिथे स्वयंपाकघरात खरा अभ्यास चाले. ट्लिंगिटमध्ये 'उचल' असं मोघम काही म्हणता येत नाही. बटाटा उचलायचा तर क्रियापदाचं रूप एक, डाव उचलायचा तर दुसरं, फडकं उचलायचं तर तिसरं, आणि भरलेलं पातेलं असेल तर आणखी निराळं. अल्मा एकेक वस्तू पुढे सरकवायची आणि देवयानी बोलत बोलत ती उचलायची. चुकली की वस्तू परत खाली ठेवायची आणि पहिल्यापासून. आठवड्यातले तेवढे तीन तास तिला कुणाचाच राग येत नसे.

नवरा वाईट होता का? अजिबात नाही. सत्यजित म्हणजे गाईसारखा माणूस. राग त्याला येतच नसे, आणि देवयानीला त्याचाही राग यायचा. एका शनिवारी मित्र जेवायला आले होते, देवयानी आत पोळ्या लाटता लाटता क्रियापदं घोकत होती, आणि हा बाहेर सर्वांना कौतुकाने म्हणाला, सो क्यूट यार, देवयानीने मस्त टाइमपास शोधलाय. टाइमपास. लाटणं हातात तसंच राहिलं तिच्या. ती भांडली असती तर एकवेळ बरं झालं असतं. पण ती भांडली नाही. त्या दिवसापासून तिने वर्गाबद्दल घरात एक अक्षर काढायचं नाही, असं ठरवलं, आणि बाईने ठरवलं म्हणजे ठरवलं. दोन वर्षं ती दर गुरुवारी जात राहिली आणि सत्यजित कसं झालं विचारी तेव्हा ठीक म्हणत राहिली.

अल्माशी मात्र नातं जुळत गेलं. मिसेस हॉवर्ड म्हणताना देवयानीची जीभ अडखळायची. आमच्याकडे एवढ्या मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, असं तिने एकदा सांगून टाकलं. मग आंटी म्हण, असं कुणीही म्हटलं असतं. अल्माने विचारलं, कोणती, आईची बहीण का बापाची? इंग्रजीत दोघी एकच, आमच्यात त्या दोन वेगळ्या. देवयानी म्हणाली, आमच्यात तर मावशी, आत्या, काकू आणि मामी, चार आहेत. अल्मा त्या दिवशी पहिल्यांदा खदखदून हसली. मग हसू आवरून तिने नीट समजावलं, कारण तिच्याकडे ही खेळायची गोष्ट नव्हती. त्यांच्या लोकांत दोन बाजू, एक डोमकावळ्याची आणि एक गरुडाची. आपल्याकडे सगोत्र लग्न करत नाहीत तसं त्यांच्यात एका बाजूत लग्न नाही. मूल आईच्या बाजूचं आणि आईच्याच कुळाचं. मावशी म्हटलंस तर तू माझ्या कुळातली झालीस, कावळ्याच्या बाजूची, आणि तुझा नवरा आपोआप गरुडाच्या. रीतसर नाव पुढच्या मोठ्या कार्यात देऊ, पण हाक मारलीस की जबाबदारी आजपासून. देवयानीने आठवडाभर विचार केला, आणि पुढच्या गुरुवारी दारातूनच मावशी म्हणाली.

२००६च्या ऑक्टोबरात अल्माने तिला गोष्ट द्यायला घेतली. गोष्ट तिच्या कुळाची होती. ती काय होती हे मी सांगणार नाही, आणि मला ठाऊकही नाही. त्या लोकांत गोष्ट ही घरासारखी, शेतासारखी मालकीची असते. ज्या कुळाची त्यानेच सांगायची, आणि तीही दुसऱ्या बाजूची माणसं साक्षीला बसवून. जुन्या शब्दांत ती पुरी सांगणारी अल्मा एकटीच उरली होती. तिची सख्खी भाची बर्निस अलास्कात सिट्का गावी राहत होती. तिला भाषा कळायची, पण एवढं मोठं बोलणं तोंडात बसत नव्हतं. तिच्या मुली लहान होत्या. तेव्हा अल्माने ठरवलं, देवयानीने ती मुखोद्गत करायची, सांभाळायची, आणि मुलींची जीभ वळली की त्यांच्या हवाली करायची. पहिला भाग कॅसेटवर भरून दिला. हा चोख पाठ झाला की दुसरा. अट एकच घातली, "ही कॅसेट तुझ्या कानासाठी आहे, आणखी कुणाच्या नाही."

देवयानीने ती कॅसेट अल्माने अभ्यासासाठी भरून दिलेल्या आधीच्या तेरा कॅसेटींबरोबर टेबलाच्या खणात ठेवली. वर लिहिलं, अल्मा १४. अट तिने वहीतही लिहिली नाही आणि नवऱ्याला तर नाहीच नाही, कारण नवऱ्याशी त्या विषयावर बोलणंच बंद होतं.

आणि इथे सत्यजितरावांना कौतुकाचा झटका आला. बायको आपल्याशी तुटक वागते, तर तिला काहीतरी जबरदस्त सरप्राइज द्यावं, असं त्याच्या डोक्यात आलं. दुसऱ्या कुणी साडी आणली असती. हा सॉफ्टवेअरवाला. डिसेंबरात देवयानी गुरुवारी बाहेर पडली की हा घरून काम करतो म्हणायचा आणि एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर चढवायचा. चौदाच्या चौदा. देवयानीच्या वहीतले समोरासमोर लिहिलेले अर्थसुद्धा त्याने टाइप करून काढले. त्याची चांगली वेबसाइट बनवली, कुणीही यावं, ऐकावं, डाउनलोड करावं. त्याचं म्हणणं साधं होतं. भाषा मरते आहे ना, मग जितक्या जास्त ठिकाणी कॉपी तितकी सेफ. त्याच्या धंद्यात कुणालाही विचारा, हेच सांगतील.

जानेवारीत शेजारच्या बेलव्ह्यूच्या एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दोनशे माणसं, गुळाच्या पोळीला लाइन, पोरं कॉरिडॉरमध्ये धावताहेत. मंडळाचे अध्यक्ष पुरुषोत्तमकाका माइकवर आले आणि म्हणाले, आपल्याला अभिमान वाटावा अशी बातमी आहे. आपल्या एका मराठी मुलीने इथल्या मूळ लोकांची मरणारी भाषा वाचवली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवयानी प्लेट घेऊन उभी होती, आपल्याबद्दल चाललंय हे तिला कळायलाच वेळ लागला. सत्यजित स्टेजवर लाजत लाजत लॅपटॉप उघडत होता. कोणती क्लिप वाजवायची, तर सगळ्यात लांब आणि भारदस्त वाटणारी, शेवटची. हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून अल्माचा खरखरीत आवाज आला आणि गोष्ट सुरू झाली.

लोक ऐकत होते, ऐकता ऐकता खात होते. मागे कुणीतरी कुणालातरी आणखी तूप वाढ म्हणालं. पुढच्या रांगेतल्या दोघी, कसली मजेशीर भाषा आहे बाई, म्हणून हसल्या. देवयानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने प्लेट खुर्चीवर ठेवली, स्टेजवर चढली आणि स्पीकरची वायर खेचून काढली. पुरुषोत्तमकाकांनी काहीतरी टेक्निकल प्रॉब्लेम आहे असं सांगून हळदीकुंकवाची घोषणा केली.

गाडीत तिने तोंड उघडलं ते घर येईपर्यंत मिटलं नाही. कुणाला विचारून माझा खण उघडलास, कुणाच्या परवानगीने लोकांच्या कुळाची गोष्ट तिळगुळाबरोबर वाटलीस, नसती उठाठेव सांगितली होती कुणी. सत्यजितने सगळं ऐकून घेतलं. मग बॉथेलच्या एक्झिटला वळताना तो हळूच म्हणाला, "तू मला सांगितलं असतंस, तर मी हात तरी लावला असता का?"

"तू विचारलं होतंस?" ती म्हणाली, आणि ते उत्तर आपलं आपल्यालाच पुरं वाटलं नाही म्हणून आणखी चिडली. घरी पोचल्यावर त्याने कोटसुद्धा न काढता साइट बंद केली. ती एकोणीस दिवस चालू होती. त्या कॅसेटची चारशे बारा डाउनलोड झाली होती. अलास्कात टुरिस्टांना फिरवणाऱ्या कुठल्याशा गाइडचा ईमेलही आला होता. गोष्ट छान आहे, उन्हाळ्यात बसमध्ये लोकांना ऐकवीन म्हणतो, पुढचा भाग कधी टाकताय?

रविवारी सकाळी देवयानी एकटी अल्माकडे गेली. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण सांगावं एवढं तिला कळत होतं. सांगताना तिने काही लपवलं नाही, फक्त प्रत्येक वाक्याचा कर्ता नवरा ठेवला. त्याने काढलं, त्याने चढवलं, त्याने वाजवलं. अल्माने काठी आपटली नाही. किती लोकांनी ऐकलं, एवढंच विचारलं. देवयानीने आकडा सांगितला. ते जेवत होते का, अल्माने विचारलं. देवयानी म्हणाली, हो.

मग अल्माने पुढचं सांगितलं. गरुडाच्या बाजूने कावळ्याच्या बाजूची वस्तू नेली आहे, तर गरुडाच्या माणसाने येऊन कावळ्यांसमोर उभं राहायचं, बोलायचं आणि भरपाई द्यायची. भरपाई म्हणजे अंगावर घ्यायची चांगली पांघरुणं आणि सगळ्यांना पुरेल एवढं अन्न. आणि देवयानीने कुठे बसायचं? माझ्या शेजारी, अल्मा म्हणाली, तू कुठल्या बाजूची आहेस ते विसरलीस का?

सत्यजितला हे सांगितल्यावर तो लगेच तयार झाला. अरे, हे आपल्या शाल-श्रीफळासारखंच आहे की, म्हणाला. देवयानी खेकसली, शाल-श्रीफळ सत्काराला देतात, तुझा काय सत्कार आहे? पण त्याने मनावर घेतलं होतं. अकरा लोकरी ब्लँकेट आणली, एकेकाचं लेबल स्वतः कापून काढलं. उभं राहून आधी आपण कोण ते सांगायचं, आणि तेही बापाकडून नाही, आईकडून, तिच्या आईकडून, तिच्या आईकडून, असं कळल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आजीच्या माहेरचं आडनावसुद्धा माहीत नाही. त्याने नागपूरला आईला फोन लावला. शोभनाताई आधी घाबरल्या, कुणाचं काही बरंवाईट झालं की काय म्हणून. मग त्यांनी आईचं, आजीचं आणि पणजीचं माहेर सांगितलं, आणि म्हणाल्या, पन्नास वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही, तुझ्या वडिलांनीपण नाही. आवाजात चांगलाच राग होता. देवयानीला सासूबद्दल त्या दिवशी पहिल्यांदा जवळीक वाटली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी अल्माच्या बिल्डिंगमधल्या कॉमन रूममध्ये कुळातली अकरा माणसं जमली. दोघी अलास्काहून आल्या होत्या. बर्निसला रजा मिळाली नव्हती. खुर्च्यांच्या एका ओळीत देवयानी अल्माच्या शेजारी बसली आणि समोर तिचा नवरा एकटा उभा राहिला. त्याने आपल्या आईची, आजीची, पणजीची नावं घेतली. मग म्हणाला, मी तुमच्या घरात न विचारता शिरलो. मला वाटलं मी मदत करतोय. पण मी वाटत होतो ते माझं नव्हतं. सबबी सांगितल्या नाहीत, बायकोकडे बोट दाखवलं नाही. दाखवता आलं असतं. मग एकेकाच्या खांद्यावर त्याने ब्लँकेट घातलं आणि सकाळपासून स्वतः रांधलेला भात आणि मसूर सगळ्यांना वाढला. अल्माच्या एका म्हाताऱ्या भाच्याने त्याला मिठी मारली. अलास्काच्या दोघी डोळे पुसत होत्या. देवयानी मात्र आतल्या आत धुमसत होती. चूक यानेच करायची आणि वर कौतुकही यानेच करून घ्यायचं. तिने त्याच्या हातचा मसूर खाल्ला, तो तिखट झाला होता, आणि तेवढ्यानेही तिला बरं वाटलं. अल्माने सर्वांसमोर सांगितलं की भरपाई पोचली, आता हा विषय कुणी काढायचा नाही.

देवयानीला वाटलं, संपलं. पुढचे तीन आठवडे ती ईर्ष्येने गोष्टीच्या मागे लागली आणि मार्चमध्ये तिने अल्माच्या स्वयंपाकघरात पहिला भाग सबंध म्हणून दाखवला. चाळीस मिनिटं. एकही आवाज चुकला नाही. अल्मा डोळे मिटून ऐकत होती. छान, म्हणाली. तीन वर्षांत हा शब्द देवयानीने तिच्या तोंडून ऐकला नव्हता. मग देवयानीने रिकामी कॅसेट पुढे केली. कॅसेट नको असेल तर नुसतं सांग, मी तशीच पाठ करीन, म्हणाली.

"नाही," अल्मा म्हणाली. "बाकीची माझ्याबरोबर जाईल."

देवयानीला आधी कळलंच नाही. भरपाई पोचली ना, विषय संपला ना? अल्मा म्हणाली, त्याच्यापुरता संपला. त्याने नेलं ते भरून दिलं. पण मी आता बाकीची बोलले, तर रोज कान देऊन बसेन, ती कुठल्या हॉलमधून ऐकू येते म्हणून. मला ते नको आहे. देवयानीने समजावलं, विनवलं, आणि मग तिचा ताबा सुटला. म्हाताऱ्या बाईवर ओरडू नये हे कळत असूनही ती ओरडली, हट्टी आहेस तू, बर्निसच्या पोरींनी तुझं काय घोडं मारलंय, अर्धी गोष्ट घेऊन त्यांनी करायचं काय? अल्माने बटाटा, डाव आणि फडकं टेबलावर मांडलं. "गुरुवारी ये," ती म्हणाली. "तुझी क्रियापदं अजून कच्ची आहेत."

आणि देवयानी गेली. रागावून का होईना, दर गुरुवारी जात राहिली. क्रियापदं पक्की झाली. गोष्टीचा विषय तिने आणखी दोनदा काढला आणि दोन्ही वेळा अल्मा खिडकीबाहेर बघत राहिली. घरी सत्यजितला मात्र सुट्टी नव्हती. जेवताना, कपड्यांच्या घड्या घालताना, गाडीत, कुठेही, तुझ्यामुळे, हे ठरलेलं. तो बिचारा हो म्हणायचा. माफी एकदा मागून झाली होती, पण रोज मागायची असते असं बहुधा त्याने समजून घेतलं होतं.

२००८च्या मार्चमध्ये अल्मा गेली. न्यूमोनिया झाला, हॉस्पिटलात नेलं, चार दिवसांत आटोपलं. त्यांच्या रीतीप्रमाणे सगळं काम दुसऱ्या बाजूने केलं. सत्यजितने खुर्च्या लावल्या, भांडी घासली, आणि देवयानी कुळातल्या बायकांबरोबर नुसती बसून राहिली. हात रिकामे ठेवून बसायची तिला सवय नव्हती. अल्माला अलास्कात नेऊन पुरलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका शनिवारी सकाळी बर्निसचा फोन आला. दोघींची ओळख फोनवरचीच. वेबसाइटचं सगळं बर्निसला ठाऊक होतं आणि तिच्या लेखी तो विषय ब्लँकेटांबरोबर मिटला होता. ती आनंदात होती. मुली आता शाळेतच ट्लिंगिट शिकतात, थोरलीची जीभ छान वळते. मावशीच्या शेवटच्या दिवसांत मी फोनवर फार त्रास दिला नाही, बर्निस म्हणाली, कारण तिने मला केव्हाच सांगितलं होतं, काळजी करू नको, गोष्ट देवयानीकडे आहे. पुढच्या वर्षी मावशीचं मोठं कार्य करायचं, तेव्हा थोरलीने ती सगळ्यांसमोर उभं राहून सांगावी असं आमच्या मनात आहे. तर मग कधी सुरुवात करतेस?

अल्माने सांगितलंच नव्हतं. आपण गोष्ट अडवून ठेवली हेही नाही, आणि का हेही नाही. देवयानीने बसायला खुर्ची शोधली. ओट्याशी सत्यजित चहा गाळत होता. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं, कारण तो गाळणं धरून तसाच थांबला, आणि आता आपलं नाव येणार म्हणून त्याने मान खाली घातली. चौदा महिने रोज येत होतं, तर आज का येणार नाही?

देवयानी म्हणाली, "माझ्याकडे अर्धीच आहे, बर्निस. मावशीने पुढची दिली नाही."

का, बर्निसने विचारलं.

उत्तर देवयानीला पाठ होतं. त्याने काढलं, त्याने चढवलं, त्याने वाजवलं. ते तोंडापर्यंत आलंही.

"मी नवऱ्याला अट सांगितली नव्हती," ती म्हणाली. "त्याने वर्गाला टाइमपास म्हटलं होतं, त्याचा मला राग होता. म्हणून दोन वर्षं त्याला काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी बोलले नाही."

बर्निस ओरडली असती तर देवयानीला हवंच होतं. पण ती एवढंच म्हणाली, जेवढी आहे तेवढी म्हण.

देवयानीने फोन दोन्ही हातांनी धरला आणि सुरुवात केली. घशातले आवाज एकेक करून नीट निघत गेले. सत्यजित गॅस बंद करून बाहेर निघून गेला आणि त्याने दार लोटून घेतलं, कारण ते त्याने ऐकायचं नव्हतं. चाळीस मिनिटांनी पहिला भाग जिथे संपतो तिथे ती आली आणि थांबली. संपली असं तिने सांगितलं नाही, तिला ते सांगता येईना. तिकडे बर्निस फोन कानाला लावून पुढचं वाक्य येईल म्हणून थांबून राहिली.